विदर्भातल्या गावात घरचा रीफ टँक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर्यापूर, हिंगणघाट, वणी, तुमसर अशा तालुक्याच्या गावांतून आणि त्याहून आतल्या खेड्यांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. रीफ टँकबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक एसी खोलीत, चोवीस तास वीज असलेल्या घराला धरून लिहिलेलं असतं. आपल्याकडे ऊन, लाइन आणि पाणी या तिघांची सोय आधी लावावी लागते, मासे-प्रवाळ त्यानंतर. हिशेब समजायला सोपा जावा म्हणून सगळ्या उत्तरांत एकच टँक धरला आहे: ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, खाली संप (पंप वगैरे ठेवायची दुसरी टाकी), दोन्ही मिळून साधारण २०० लिटर पाणी.

१. रीफ टँक म्हणजे नेमकं काय? साध्या फिश टँकपेक्षा वेगळं काय असतं?

साध्या टँकमध्ये गोड्या पाण्यातले मासे असतात. रीफ टँकमध्ये समुद्राचं पाणी असतं आणि मुख्य रहिवासी असतात प्रवाळ. प्रवाळ दिसतात झाडासारखे, पण ते प्राणी आहेत. उथळ समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. म्हणून या टँकला चांगला उजेड, सतत हलतं पाणी आणि जवळजवळ स्थिर तापमान लागतं. पाणी जास्त तापलं की प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. घरच्या टँकमध्ये ते एका दुपारीही घडू शकतं.

२. समुद्र इथून सातशे किलोमीटर. खेड्यात हे खरंच जमतं का?

जमतं. समुद्राच्या अंतराने काही अडत नाही, कारण पाणी घरीच मीठ मिसळून तयार होतं (प्रश्न ९). अडतं ते तीन ठिकाणी: मे महिन्यातली दुपार, लाइन जाणं आणि शुद्ध पाणी. माझं ठाम मत आहे की पहिला पैसा या तिघांवर घालावा. इन्व्हर्टर, आरओ-डीआय (पाण्यातले क्षार काढणारं फिल्टर) आणि गारव्याची सोय झाल्याशिवाय टँकवरची लाइट किंवा मासे घेऊ नका. टँक बंद पडल्याच्या ज्या हकिकती कळवल्या जातात, त्यांत बहुतेक वेळा लाइट महागातली असते आणि बॅकअप काहीच नसतो.

३. आधी एक-दीड फुटाचा छोटा टँक करून पाहू का? खर्च कमी येईल.

आपल्या हवामानात छोटा टँक जास्त अवघड जातो. ३० लिटर पाणी दोन तासांत तापतं, २०० लिटरला तेवढंच तापायला बराच वेळ लागतो. बाष्पीभवनाचंही तसंच: छोट्या टँकमधून दिवसाला दोन लिटर उडालं तरी क्षारता (खारटपणा) एकदम चढते. मोठं पाणी तुम्हाला चूक सुधारायला वेळ देतं. पण चार फुटांच्या वर पहिल्याच वेळी जाऊ नका, गारव्याचा खर्च झेपत नाही. तीन फूट हा मधला मार्ग चांगला.

४. काच आणि स्टँड गावातच बनवून घेता येईल?

हो, आणि घ्यावंच. तालुक्याच्या काचवाल्याकडे १० मिलिमीटरची साधी फ्लोट काच मिळते, दीड फूट उंचीला ती पुरते. कडा पॉलिश करून घ्या. पाइपसाठी भोक पाडायचं असेल तर टफन्ड काच घेऊ नका, ती भोक पाडताना फुटते. सिलिकॉन घेताना बुरशीरोधक औषध नसलेलं मागा. बाथरूमच्या सांध्यांसाठी विकतात त्यात ते औषध असतं आणि ते पाण्यातल्या जिवांना मारतं. चिकटवल्यावर आठवडाभर सुकू द्या, मग अंगणात सपाट जागी भरून दोन दिवस ठेवा. गळती व्हायचीच असेल तर ती अंगणात झालेली बरी.

स्टँडसाठी गावातला वेल्डर दीड इंची चौकोनी पाइपची चौकट करून देतो. रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर चांगला ऑइलपेंट, नाहीतर खारं पाणी वर्षभरात वेल्डिंगचे सांधे खातं. सागवानाची सोय असेल तर सागवान उत्तम. काचेखाली एकसंध थर्माकोलची शीट घाला.

वजनाचा अंदाज असा: पाणी २०० किलो, काच आणि संप ६० किलो, दगड २० किलो, स्टँड ४० किलो. म्हणजे सव्वातीनशे किलोच्या आसपास वजन साडेचार चौरस फुटांवर येतं. तळमजल्यावर ठेवा. वरच्या मजल्यावरच ठेवायचा असेल तर भिंतीला लागून, बीमच्या रेषेत, आणि मिस्त्रीला नव्हे तर इंजिनिअरला विचारून.

५. आमचं घर काळ्या मातीवर आहे. उन्हाळ्यात फरशी खचते. टँकला धोका आहे का?

आहे, आणि हा प्रश्न विचारलात ते बरं झालं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावर नुसती मुरूम घालून बसवलेली फरशी ऋतूगणिक वरखाली होते. टँक एका बाजूला कलला की काचेच्या सांध्यावर ताण येतो. कल कळायला काही उपकरण लागत नाही: पाण्याची रेघ आणि काचेची वरची कड यांच्यातलं अंतर दोन्ही टोकांना पट्टीने मोजा. तीन फुटांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला तर पाणी अर्धं काढून स्टँडखाली पट्ट्या सारून पातळी करा. हे मोजमाप मेच्या शेवटी आणि ऑगस्टमध्ये न चुकता करावं. नवीन जागा करत असाल तर टँकपुरतं सहा इंची लोखंड घातलेलं काँक्रीट टाकून घ्या, बाकी फरशी हलली तरी तेवढा तुकडा एकसंध राहतो.

६. संप कशाला लागतो? आणि लाइन गेली की सगळं पाणी खाली येऊन घरात सांडणार नाही का?

संप म्हणजे खालची दुसरी टाकी. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), हीटर, कार्बन, पाण्याची भर, सगळं तिथे राहतं आणि वरचा टँक मोकळा दिसतो. वरचं पाणी ओव्हरफ्लोमधून (वरच्या कडेच्या सांडवाटेने) खाली येतं, रिटर्न पंप ते परत वर टाकतो. पंप तासाला ८०० ते १००० लिटर वर पोहोचवेल असा घ्या. टँकमधली मुख्य हालचाल वेव्हमेकरने (पाणी ढवळणाऱ्या छोट्या पंख्याने) करायची, पंपाने नाही.

सांडण्याचा धोका खरा आहे. आपल्या टँकच्या लांबी-रुंदीनुसार १ सेंटिमीटर पाणी म्हणजे ४.२ लिटर. रिटर्नचं तोंड पाण्यात ४ सेंटिमीटर बुडालेलं असेल तर पंप थांबताच उलट्या ओढीने १७ लिटर खाली येतं, शिवाय पाइपांतलं आणि ओव्हरफ्लोच्या कडेवरचं वेगळं. तेवढी रिकामी जागा संपमध्ये कायम हवी. रिटर्नच्या पाइपाला पाण्याच्या पातळीच्या अगदी खाली एक बारीक भोक पाडा. पातळी उतरली की त्यातून हवा शिरते आणि ओढ तुटते. त्या भोकात शैवाल आणि मीठ साचतं, म्हणून ते दर आठवड्याला काडीने साफ करायचं. आणि मासे आणण्याआधी मेन स्विच मुद्दाम बंद करून संपजवळ बसून पाहा: पाणी चढताना दिसेल, हळूहळू थांबेल, भोकातून गुरगुर आवाज येईल. जिथे थांबलं तिथे पेनाने रेघ मारा. चालू स्थितीत संप किती भरायचा तेही त्यावरून ठरतं.

७. बोअरचं पाणी, नळाचं, कॅनचं की घरच्या आरओचं?

चारही थेट चालत नाहीत. आपल्या बोअरच्या पाण्यात कठीणपणा भरपूर, बऱ्याच गावांत नायट्रेट, आणि यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही पट्ट्यांत फ्लोराइडही. घरच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळलेलं असतं, म्हणून त्याचा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ५० ते १०० दाखवतो. कॅनचं पाणी प्लांटगणिक वेगळं.

लागतं ते टीडीएस शून्य असलेलं पाणी. त्यासाठी आरओची ती मिसळणी बंद करून पुढे डीआय रेझिनची नळी जोडतात. टीडीएस मीटर साधाच असला तरी चालेल, पण हवाच. मीटर १ किंवा २ दाखवू लागला की रेझिन बदला.

आरओमधून वाया जाणारं पाणी एका लिटरमागे दोन-तीन लिटर असतं. टँकरवर गाव असेल तर हे मनाला लागतं आणि लागायलाच हवं. ते पाणी संडासाला, फरशी पुसायला, धुण्याच्या पहिल्या पाण्याला वापरा. कूलरमध्ये मात्र घालू नका, पॅडवर क्षारांचा थर बसतो.

८. आम्ही खारपाणपट्ट्यातले. विहिरीचं पाणी आधीच खारं आहे, त्यात थोडं मीठ टाकलं तर? आणि लोणारचं पाणी?

पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा या भागांत, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर नाही. खारं असणं आणि समुद्राचं असणं यांत फरक आहे. समुद्राच्या पाण्यात सोडियम, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट यांचं एकमेकांशी ठरलेलं प्रमाण असतं. विहिरीच्या खारेपणात ते प्रमाण जमिनीप्रमाणे बदलतं, बायकार्बोनेट आणि नायट्रेट कितीही असू शकतं. वरून मीठ घातलं की चुकीच्या पायावर बरोबर मजला चढवल्यासारखं होतं. त्या भागातल्या लोकांना आरओचं मेंब्रेनही लवकर बदलावं लागतं, तो खर्च आधीच धरून ठेवा.

लोणार सरोवराचं पाणी तर विम्ल (अल्कधर्मी) आहे, पीएच १० च्या आसपास. समुद्राचा पीएच ८.१ ते ८.३. त्या पाण्यात समुद्री जीव तग धरणार नाही. शिवाय लोणार अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही. तिथून पाणी, दगड, माती काहीच आणायचं नाही.

९. मीठ कोणतं आणि किती?

रीफ टँकसाठी तयार होणारं सिंथेटिक मीठच. खायचं मीठ, शेंदेलोण, खडे मीठ यांपैकी काही चालत नाही. साधारण ३७ ग्रॅम मीठ एका लिटरला, म्हणजे पहिल्या वेळी साडेसात किलोच्या जवळपास आणि नंतर दर आठवड्याला २० लिटर बदलायला पाऊण किलो. वेगळ्या, फक्त याच कामाच्या बादलीत पंप लावून मिसळा, टँकमध्ये मीठ टाकू नका. क्षारता ३५ (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार) हवी, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबावरून क्षारता दाखवणाऱ्या उपकरणाने) मोजा. तरंगणारे स्वस्त काटे फसवतात. उघडं पोतं पावसाळ्यात दगड होतं, त्यामुळे हवाबंद डब्यात ठेवा.

१०. बाष्पीभवनाने पाणी कमी झालं की मिठाचं पाणी घालायचं की साधं?

साधं, डीआयचं. वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं. मिठाचं पाणी फक्त पाणी बदलताना.

११. आमच्याकडे ४५-४६ अंश जातं. पाणी २६ वर राहणार कसं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

पाणी २५ ते २७ अंशांत ठेवायचं. २८ ला सावध व्हा, ३० च्या पुढे गेलं तर ती आणीबाणी. तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी मावतो: समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम, ३० ला सुमारे ६.२. तेव्हाच माशांची गरज मात्र वाढलेली असते.

आपलं ऊन कोरडं आहे, ही आपली बाजू. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता निघून जाते. संप आणि टँकच्या पृष्ठभागावर तिरका फॅन मारला की तीच उष्णता पाण्यातून उचलली जाते. वाफेने पाणी किती गार होऊ शकतं याची सीमा म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसणारं तापमान. बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ती सीमा २४ च्या आसपास येते. पंप आणि लाइटच्या उष्णतेमुळे टँक तिथपर्यंत पोहोचत नाही, पण खोली आतली असेल तर २७-२८ वर रोखता येतो. त्यासाठी मे महिन्यात रोज पाच-सहा लिटर पाणी उडतं, आणि तेवढं डीआयचं पाणी रोज तयार असावं लागतं. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) इथे चैनीची वस्तू राहत नाही.

आता यातली खोच. जूनच्या मध्यात पाऊस येतो, हवा ३२ अंशांवर उतरते आणि सगळे सुटकेचा श्वास घेतात. पण आर्द्रता ८० टक्के झाली की तीच सीमा २९ वर जाते. फॅन फिरत राहतो, पाणी उडत नाही, टँक ३० कडे सरकतो. फक्त फॅनच्या भरवशावर असलेले टँक मेमध्ये वाचून पावसाळ्याच्या उकाड्यात जातात ते यामुळे. जून ते सप्टेंबर आणि दमट दिवसांसाठी चिलर किंवा एसी असलेली खोली लागतेच. हे जमणार नसेल तर रीफ टँक करू नका, असं मी प्रत्येकाला स्पष्ट सांगतो. मुक्या जिवांना आपल्या हौसेची शिक्षा नको.

जागा निवडताना पश्चिमेची भिंत टाळा. जुन्या मातीच्या भिंतींचं माजघर उत्तम. स्लॅबच्या घरात गच्चीवर पांढरा चुना मारून घ्या, कारण स्लॅब रात्रभर उष्णता सोडत राहतो. टँकच्या मागच्या आणि बाजूच्या काचांना थर्माकोल लावा. लाइट दुपारी न लावता संध्याकाळी चार ते रात्री बारा ठेवा, प्रवाळांना घड्याळाशी देणंघेणं नसतं.

१२. खोलीत कूलर लावला तर टँकला फायदा की तोटा?

खोलीचं तापमान उतरतं, पण हवेत ओल वाढते, त्यामुळे टँकवरच्या फॅनचा जोर कमी होतो. वरच्या उत्तरातली सीमा कूलरने खाली येत नाही. तरीही उन्हाळ्यात कूलर लावावा, कारण काचेतून आत येणारी उष्णता घटते. एक खिडकी उघडी हवी. बंद खोलीतला कूलर टँकसाठी पावसाळाच आणतो.

१३. चिलर किती मोठा? आणि तो खोलीत ठेवला तर खोलीच तापते, असं ऐकलं.

बरोबर ऐकलंत. चिलर पाण्यातली उष्णता काढून खोलीत फेकतो. तो शेजारच्या खोलीत किंवा खिडकीबाहेर सावलीत, वारा लागेल असा ठेवा आणि पाइपांना फोम गुंडाळा. कागदावर २०० लिटरला १/१० हॉर्सपॉवर पुरतो असं लिहिलेलं असतं, ते सौम्य हवेसाठी. आपल्याकडे १/४ घ्या. बाहेर ४५ असताना कुठल्याही चिलरचा जोर घटतो.

तातडीचा उपाय म्हणून २ लिटरची बाटली पाणी भरून गोठवून संपमध्ये तरंगत ठेवा. हिशेबाने अशी एक बाटली २०० लिटर पाणी साधारण १ अंशाने उतरवते. एकदम तीन-चार टाकू नका, तासाला एका अंशापेक्षा जास्त उतार देऊ नका. बर्फ थेट टाकायचा नाही, क्षारता बिघडते.

१४. हिवाळ्यात हीटर लागतो का?

लागतो. नागपूर-गोंदियाकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो. २०० वॉटचा एक, किंवा १०० वॉटचे दोन. दोन बरे, कारण एक चालूच राहून अडकला तरी टँक उकडत नाही.

१५. लाइन सहा-सात तास जाते. काय चालू ठेवायचं?

फक्त पाण्याची हालचाल. उजेड एक दिवस नसला तरी चालतं, स्किमर नसला तरी चालतं. पाणी थांबलं की प्राणवायू संपतो आणि उकाड्यात मासे काही तासांतच पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात.

१५० अँपिअर-अवरची १२ व्होल्ट बॅटरी म्हणजे १८०० वॉट-अवर. त्यातली निम्मीच वापरायची धरली आणि वेव्हमेकर १५ वॉट, एअर पंप ५ वॉट, इन्व्हर्टरची स्वतःची खपत २० वॉट धरली, तर वीस-बावीस तास निघतात. पण त्याच इन्व्हर्टरवर घरातले पंखे आणि टीव्ही असतील तर हा हिशेब कोसळतो. म्हणून टँकची वेगळी लाइन काढा, किंवा १२ व्होल्टवर थेट चालणारा एअर पंप घेऊन त्याला फवारणी पंपात बसते तशी छोटी बॅटरी जोडा. बॅटरी नवी हवी, फवारणीत वापरलेली नको (कारण प्रश्न २१ मध्ये).

वावरातल्या घराला शेतीच्या फीडरची वीज असेल तर ती दिवसातले ठरावीक तासच येते. तिथे रीफ टँक करू नये. गावठाण फीडर हवा.

३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय खाऱ्या पाण्यात हात घालू नका. अर्थिंगही पाहा: उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावालाच उरतं. त्यात अधूनमधून पाणी ओतत जा. वायर सॉकेटकडे जाताना आधी खाली झोळ घेऊन मग वर जाऊ द्या, म्हणजे ओघळ सॉकेटमध्ये शिरत नाही.

१६. छतावर सोलर बसवलंय. मग लाइन गेली तरी टँक चालेल ना?

साधं ऑन-ग्रिड सोलर असेल तर नाही. ग्रिड गेली की त्याचा इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो, तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या सुरक्षेसाठी. भर उन्हात पॅनल तापत असतात आणि घरात अंधार असतो. बॅटरी जोडलेलं हायब्रिड सोलर असेल तरच उपयोग. बिल मात्र दोन्हींनी उतरतं.

१७. महिन्याला बिल किती वाढेल?

पैशांत सांगण्यापेक्षा युनिटमध्ये पाहा. लाइट १०० वॉट, ८ तास: ०.८. रिटर्न पंप ३० वॉट, वेव्हमेकर १५, स्किमर १५, चोवीस तास: १.४. चिलर ३०० वॉट, ८ तास: २.४. म्हणजे उन्हाळा-पावसाळ्यात दिवसाला साडेचार युनिटच्या वर, महिन्याला १४० च्या आसपास. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांच्या पुढे दर उडी मारतो. त्यामुळे तुमचं आजचं बिल कुठल्या टप्प्यात आहे ते आधी पाहा.

१८. कूलरचा पंप रिटर्नला लावू का? ठिबकचे पाइप, व्हॉल्व्ह चालतील?

कूलरचा पंप अजिबात नको. त्यातले धातूचे भाग खाऱ्या पाण्यात गंजतात, इन्सुलेशन टिकत नाही. कूलरच्या शॉकने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो, आणि खारं पाणी त्याहून कितीतरी चांगलं वीज वाहून नेतं.

ठिबकच्या दुकानातलं पीव्हीसी आणि एचडीपीई सामान मात्र आपल्या भागाची मोठी सोय आहे. बॉल व्हॉल्व्ह, युनियन, टँक निपल तालुक्याला मिळतात. फक्त नवंकोरं घ्या. शेतात वापरलेल्या पाइपांतून खतं आणि आम्ल गेलेलं असतं. पितळ, तांबं, जीआय काहीही पाण्याला लागता कामा नये.

१९. दगड-वाळू स्थानिक चालेल? कन्हानची वाळू, कोरपन्याकडची चुनखडी?

नदीची वाळू मुख्यतः सिलिकाची, तिच्यात गाळ आणि लोहाचे कणही येतात. नको. कोरपना-गडचांदूरकडचा चुनखडी दगड सिमेंटला उत्तम, पण तो घट्ट आहे. आपल्याला हवा सच्छिद्र दगड, ज्याच्या पोटात जिवाणू राहतील. कोरडा अ‍ॅरागोनाइट दगड किंवा भाजलेले सिरॅमिकचे दगड घ्या. समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक (जिवंत जीव चिकटलेला दगड) घेऊ नका.

टँक भरल्यावर चिमूटभर खाद्य टाकून वाट पाहायची. आधी अमोनिया चढतो, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्य होऊन नायट्रेट उरतं. याला चार ते सहा आठवडे लागतात. टेस्ट किट दोन्ही शून्य दाखवेपर्यंत एकही मासा नाही.

२०. कोणते प्रवाळ आणि मासे ठेवावेत? दुकानदार म्हणतो, कडक प्रवाळ इम्पोर्टेड आहेत, बिल देतो.

बिल म्हणजे परवानगी नव्हे. रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रघोडेही. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. ताडोबाच्या भागात राहणाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. शंका असेल तर उपवनसंरक्षक कार्यालयात विचारा. मालवणला फिरायला गेलात तर किनाऱ्यावरचा तुकडाही उचलू नका.

सुरुवातीला मऊ प्रवाळ घ्या: मशरूम, लेदर, झेनिया, झोअँथिड. दुसऱ्या हौशी माणसाच्या टँकमध्ये वाढलेले तुकडे मिळाले तर सर्वात चांगलं. झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं अतिजहाल विष असू शकतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच हाताळा, कापलेला हात पाण्यात घालू नका, आणि तो चिकटलेला दगड कधीही उकळू नका. वाफेतून विष श्वासात जातं, आणि दवाखाना चाळीस किलोमीटरवर असतो.

माशांत क्लाउनफिशची जोडी, हॅचरीत वाढलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांची पैदास आपल्या देशात यशस्वी केली आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेली मागायची गरज नाही. त्यांना अ‍ॅनिमोन (समुद्रफूल) लागतोच असं नाही. सोबत एखादा ब्लेनी, एक क्लीनर कोळंबी, काही गोगलगायी. निळा टँग तीन फुटांत मावत नाही, मुलांनी हट्ट केला तरी.

आणताना रात्रीची गाडी धरा. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस रात्रभरात येते. ऑक्सिजन भरलेल्या पिशव्या थर्माकोलच्या डब्यात ठेवा, एप्रिल ते जून आणूच नका.

२१. फवारणीच्या दिवसांत मासे मेले. संबंध असेल का?

दाट शक्यता आहे. कपाशी-सोयाबीनवरच्या सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातल्या औषधांचा अत्यल्प अंशही मासे आणि कोळंबीला मारतो. वरुड-मोर्शीकडे संत्र्याला लावायच्या बोर्डो मलमात मोरचूद असतं, म्हणजे तांबं, आणि तांबं अपृष्ठवंशी जिवांचा काळ. फवारून आलेल्या माणसाने अंघोळ, कपडे बदलणं झाल्याशिवाय टँकच्या खोलीत येऊ नये. फवारणीची बादली, मग, फडकं टँकला कधीच नाही. डासांच्या कॉइल आणि लिक्विडमध्येही याच गटातली औषधं असतात, म्हणून त्या खोलीत मच्छरदाणी लावा. ग्रामपंचायतीची धुराची गाडी आली तर खिडक्या लावून, टँकवर ओलं कापड टाकून, स्किमर आणि एअर पंप तासभर बंद ठेवा, कारण तेच खोलीतली हवा पाण्यात ओढतात. वेव्हमेकर चालू राहू द्या. संपमध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनची पिशवी जुलै ते ऑक्टोबर कायम असावी.

२२. खायचा चुना घालून कॅल्शियम वाढवता येतं का?

चुन्याची निवळी प्रवाळांसाठी वापरतात हे खरं, पण ती शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडची. पानाच्या किंवा भट्टीच्या चुन्यात काय काय आहे ते कळायला मार्ग नाही. निवळीचा पीएच १२ च्या पुढे असतो, एकदम पडली तर टँक संपतो. मऊ प्रवाळांना तिची गरजच नाही. आठवड्याचं २० लिटर पाणी बदललं की क्षारकता (पीएच स्थिर ठेवणारा गुण) ८-९ डीकेएच या एककात, कॅल्शियम लिटरमागे ४२० मिलिग्रॅम आणि मॅग्नेशियम १३०० मिलिग्रॅमच्या आसपास राहतं.

२३. लग्नसराईत आठ दिवस घर बंद. मासे उपाशी मरतील?

उपाशी सहसा मरत नाहीत, जास्त खाद्याने आणि लाइन जाण्याने मरतात. शेजाऱ्याला रोजच्या खाद्याच्या छोट्या पुड्या मोजून द्या, डबा देऊ नका. टॉप-ऑफचं भांडं आठ दिवस पुरेल एवढं भरा. मेमध्ये त्याला चाळीस-पन्नास लिटर लागतं. इन्व्हर्टरचं पाणी तपासा आणि शेजाऱ्याला एकच गोष्ट नीट दाखवून ठेवा: वेव्हमेकर थांबला तर कुठली पिन कुठे लावायची.

२४. बदललेलं खारं पाणी परसबागेत किंवा वावरात टाकलं तर चालेल का? थोडंच तर असतं.

नाही. २० लिटर पाण्यात पाऊण किलो मीठ असतं, महिन्याला तीन किलो. काळ्या मातीत निचरा आधीच कमी, मीठ तिथेच साचतं आणि माती चिकट होऊन बसते. कढीपत्ता, लिंबू सगळ्यात आधी जातात. विहिरीजवळच्या शोषखड्ड्यातही टाकू नका. गटाराची सोय असेल तर धुण्या-भांड्याच्या भरपूर पाण्यासोबत सोडा. नसेल तर जुन्या उथळ टाकीत किंवा सिमेंटच्या हौदात उन्हाला वाळू द्या आणि उरलेलं मीठ खरवडून कचऱ्यात टाका. उन्हाळ्यात ते दोन दिवसांत वाळतं. पावसाळ्यात हौदावर झाकण लागतं.